आरशामागचे हात

मैत्रिणींनो, घरात जुना पाटा-वरवंटा असेल तर एकदा त्याच्याकडे निरखून बघा. मिक्सर आल्यापासून बिचारा मागच्या अंगणात पडून असतो. पण आजेसासूबाईंच्या काळातला असेल, तर मध्यभागी खोलगट झालेला दिसेल. तो खळगा कुणी मुद्दाम कोरलेला नसतो. वर्षानुवर्षं वरवंटा फिरला, दगड झिजला आणि खळगा झाला.

आता गंमत ऐका. आकाशातले तारे दाखवणाऱ्या मोठ्या दुर्बिणीचा सगळा जीव अशाच एका खळग्यात असतो! दुर्बिणीत नुसती भिंगंच असतात असं आपल्याला वाटतं. पण मोठ्या दुर्बिणीत तळाशी असतो एक खोलगट आरसा. तो ताऱ्याचा उजेड गोळा करून एका ठिकाणी आणतो. हा आरसा करायचा कसा? दोन गोल तबकड्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड घालायची आणि घासत सुटायचं. घासता घासता वरची तबकडी खोलगट होते, खालची फुगीर. मग डांबराच्या थरावर गेरूसारखी बारीक तांबडी पूड घेऊन तिला चकाकी आणायची. ऐकायला सोपं आहे. पण केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एखाद-दोन भागांइतकी चूकही चालत नाही. तेवढं चुकलं तरी तारा टिंबासारखा न दिसता फिसकटल्यासारखा दिसतो.

कल्याणहून कसारा लोकल पकडली की टिटवाळ्यानंतर आमचं खडवली येतं. डोंबिवली-ठाण्याच्या झगमगाटात हरवलेलं आकाश इथे भातसा नदीच्या काठावर अजून बऱ्यापैकी सापडतं. लाईट गेले की अंगणात आलेली मुलं वर बघतात आणि प्रश्न विचारून भंडावून सोडतात. दुर्बीण कोणी काढली, एवढं उत्तर पुस्तकात मिळतं. पण ती घासली कोणी, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगायची आहे. तिचं नाव कॅरोलिन हर्शेल.

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात १६ मार्च १७५० रोजी कॅरोलिनचा जन्म झाला. वडील आयझॅक लष्कराच्या बँडमध्ये वादक. घरात पोरांचं लेंढार आणि पैशांची ओढाताण. तीन-चार वर्षांची असताना तिला देवी आल्या, चेहऱ्यावर व्रण राहिले. दहाव्या वर्षी विषमज्वरासारखा दीर्घ ताप आला आणि वाढच खुंटली. मोठेपणीही तिची उंची जेमतेम सव्वाचार फूट होती. वडिलांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं की तुला ना रूप ना पैसा, तेव्हा लग्नाची आशा धरू नकोस. आईने तर तिचं भविष्य ठरवूनच टाकलं होतं. ही घरीच राहणार, भांडीधुणी करणार, भावांचे मोजे विणणार!

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकलेली मुलं घर सोडून लांब जातात, असा तिने अनुभवावरून निष्कर्ष काढला होता. त्यामुळे कॅरोलिनच्या शिक्षणाला तिचा ठाम विरोध. वडील मात्र आईची पाठ वळली की लेकीला हळूच व्हायोलिन शिकवायचे, थंडीच्या रात्री रस्त्यावर नेऊन आकाशातली नक्षत्रं दाखवायचे. थोडंफार लिहायला आलं होतं, त्याचा उपयोग म्हणजे युद्धावर गेलेल्या शिपायांच्या बायकांना पत्रं लिहून देणं. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे यायच्या आणि ती नवऱ्यांना त्यांची खुशाली कळवायची.

१७६७ मध्ये वडील गेले आणि कॅरोलिनची अवस्था बिनपगारी मोलकरणीसारखी झाली. यातून तिला सोडवलं ते मोठ्या भावाने, विल्यमने. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. इंग्लंडमध्ये बाथ नावाच्या गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, गाण्याच्या शिकवण्या करायचा. बहिणीला गाणं शिकवून कार्यक्रमात उभी करायचा त्याचा विचार होता. पण आई सोडायला तयार होईना. घरकाम कोण करणार? शेवटी विल्यमने तोडगा काढला. कॅरोलिनच्या जागी मोलकरीण ठेवता येईल एवढी रक्कम तो दरवर्षी आईला पाठवणार. त्यावर आई राजी झाली.

बघा, बाईच्या घरकामाची किंमत कुणी कधी रोखीत मोजत नाही म्हणतात. इथे ती मोजली गेली, पण बाई घर सोडून निघाली तेव्हा! त्याआधी कॅरोलिनने घरच्यांना दोन वर्षं पुरतील एवढे मोजे विणून ठेवले. गाण्याचा रियाज करायचा तर घरातल्यांची टिंगल, म्हणून दातांमध्ये बोळा धरून ती व्हायोलिनचे सूर गळ्यातून काढायचा सराव करत असे. १७७२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांची कॅरोलिन भावाबरोबर निघाली. वाटेत लंडनमध्ये संध्याकाळी दोघं दुकानं बघायला बाहेर पडली, पण विल्यमचे पाय थांबायचे ते फक्त भिंगं विकणाऱ्या दुकानांपाशी. पुढे काय वाढून ठेवलंय, याची ती पहिली झलक होती.

बाथमध्ये कॅरोलिनची धांदल सुरू झाली. इंग्रजी येत नाही, तरी बाजार करायचा. हिशोब ठेवायचा. गाण्याचे धडे घ्यायचे. पाढे तर तिला आयुष्यभर पाठ झाले नाहीत, ती पाढ्यांचा कागद जवळ बाळगायची. याच बाईने पुढे हजारो ताऱ्यांची गणितं केली, हे लक्षात ठेवा. गाण्यात मात्र ती लवकरच चमकली. मोठ्या कार्यक्रमात मुख्य गायिका म्हणून उभी राहू लागली, बर्मिंगहॅमहून बोलावणंही आलं. तिने नकार दिला, कारण भावाच्या हाताखालीच गायचं असं तिने ठरवलं होतं.

आणि तेवढ्यात भावाला आकाशाचं वेड लागलं! १७७३ मध्ये त्याने खगोलशास्त्राचं एक पुस्तक आणलं, भाड्याने दुर्बिणी आणल्या. मनासारखी दुर्बीण विकत घ्यायची तर खिशाला परवडेना. मग स्वतःच बनवायची! गावातल्या एका हौशी गृहस्थाकडून त्याने आरसे घासायची जुनी हत्यारं विकत घेतली आणि घराचा कारखाना झाला. दिवाणखान्यात सुतार बसला. झोपायच्या खोलीत कातकामाचं यंत्र लागलं. घर नीटनेटकं ठेवायला आलेल्या कॅरोलिनला काय वाटलं असेल, ते कुठल्याही गृहिणीला सांगायला नको.

त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, धातूचे असत. साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील वितळवून ओतायचं. आपल्या काशाच्या वाटीचाच हा चुलतभाऊ म्हणा, फक्त कथील जास्त. रंगाने पांढराशुभ्र, पण काचेसारखा ठिसूळ. ओतायला साचा लागे. तो करायचा मातीत घोड्याची लीद मिसळून. सारवणात शेण का घालतात हे आपल्याला ठाऊक आहे. नुसती माती वाळली की तडकते, शेणातल्या काड्या तिला धरून ठेवतात. लीदीचं काम तेच, शिवाय त्या काड्या जळून गेल्या की राहिलेल्या बारीक छिद्रांतून वाफ निघून जाते. ही लीद खलात कुटून चाळणीने चाळायची. ढीगच्या ढीग! ते काम करायला असायची मुख्य गायिका कॅरोलिनबाई.

धातू ओतल्यावर खरी कसोटी घासण्याची. चकाकी आणताना मध्येच हात थांबवला तर आकार बिघडायची भीती. त्यामुळे विल्यम एकदा बसला की उठायचा नाही. एकदा तर सात फुटी दुर्बिणीचा आरसा पुरा करताना त्याने सलग सोळा तास हात उचलला नाही. मग जेवायचं काय? कॅरोलिन शेजारी बसून एकेक घास त्याच्या तोंडात घालायची. कंटाळू नये म्हणून अरेबियन नाइट्समधल्या गोष्टी वाचून दाखवायची. हळूहळू तिनेही हत्यार हातात घेतलं. स्वतःबद्दल मात्र ती एवढंच म्हणायची की पहिल्या वर्षाच्या उमेदवार पोराइतकी कामाची झाले आहे.

आरसा बरा झालाय की नाही हे घरबसल्या तपासायची चांगली युक्ती फ्रान्सच्या फूकोने १८५८ मध्ये काढली. विल्यमच्या वेळी ती नव्हती. घासायचं, नळीत बसवायचं, ताऱ्यावर रोखायचं. नाही जमलं तर पुन्हा घासायचं. एका दुर्बिणीसाठी तो अनेक आरसे करायचा आणि त्यातला सर्वांत उत्तम ठेवायचा. त्याची सगळी ख्याती या चिकाटीतून आली. बरं, एकदा करून भागत नसे. दमट हवेत धातू काळवंडायचा. तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख करता येतो, तसं इथे चालत नाही. चकाकी आणायची म्हणजे आकारही नव्याने सांभाळायचा.

१३ मार्च १७८१ च्या रात्री अशाच एका घरगुती दुर्बिणीतून, जेमतेम सहा इंचांच्या आरशातून, विल्यमला एक वेगळा ठिपका दिसला. तो तारा नव्हता. तो होता नवा ग्रह, युरेनस! माणसाला प्राचीन काळापासून माहीत असलेल्या ग्रहांत प्रथमच भर पडली. पुढच्या वर्षी त्याची दुर्बीण ग्रीनिचच्या सरकारी वेधशाळेतल्या दुर्बिणींशेजारी ठेवून पाहिली, तर घरी घासलेला आरसा सरस ठरला. एक गाण्याचा मास्तर युरोपातला सर्वांत नावाजलेला दुर्बीणकार झाला. राजा तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला २०० पौंड बांधून दिले.

पण हे सगळं साधं-सरळ घडलं नाही. १७८१ च्याच ऑगस्टमध्ये घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतायचा घाट घातला. पहिला थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच फुटली. वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि तापलेल्या दगडी फरश्या बॉम्बसारख्या उडू लागल्या. सगळे जिवाच्या आकांताने बाहेर पळाले. बाथमधल्या या घराचं आता संग्रहालय झालंय आणि त्या तडकलेल्या फरश्या तिथे अजून बघायला मिळतात.

राजाची नोकरी लागली, तशी १७८२ मध्ये भावंडं बाथ सोडून राजवाड्याजवळच्या खेड्यात राहायला गेली. बत्तिसाव्या वर्षी कॅरोलिनचं गाणं सुटलं ते कायमचं. तिला कुणी फारसं विचारलंही नाही. आता तिचं काम रात्रीचं. विल्यम दुर्बिणीला डोळा लावून बसायचा, दिसेल ते ओरडून सांगायचा. कॅरोलिन घड्याळ आणि नकाशे समोर घेऊन लिहून घ्यायची. कडाक्याच्या थंडीत दौतीतली शाई गोठायची. सकाळी त्याची स्वच्छ नक्कल, मग गणितं. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री अंधारात, बर्फात धावताना दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या गुडघ्यावर मांडीत घुसला. सोडवताना मांसाचा लचका तुटला. तिने समाधान कशात मानावं? त्यानंतर आभाळ भरून आलं, त्यामुळे आपल्या दुखण्यापायी भावाचं काही नुकसान झालं नाही, यात!

वाचताना राग येतो ना? मलाही येतो. पण गोष्ट इथे संपत नाही.

विल्यमने तिला एक छोटी दुर्बीण करून दिली होती. तो घरी असला की तिला त्याच्यासाठी लिहावं लागे, त्यामुळे तो गावाला गेला की तेवढ्या रात्री तिच्या हक्काच्या. त्याच्या आरशांचं नाव आता एवढं झालं होतं की राजे-महाराजे दुर्बिणी मागवत. स्पेनच्या राजाला पुढे पाठवलेल्या एका मोठ्या दुर्बिणीचे ३१५० पौंड मिळाले. १७८६ च्या उन्हाळ्यात राजाने जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाला भेट दिलेली दुर्बीण पोचवायला विल्यम गेला. आणि १ ऑगस्टच्या रात्री घरच्या हिरवळीवर एकटीने आकाश धुंडाळताना कॅरोलिनला एक धूमकेतू सापडला! दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः पत्रं लिहून विद्वानांना कळवलं. शिपायांच्या बायकांसाठी झिजलेली ती लेखणी आता स्वतःच्या शोधासाठी चालली.

पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, राजाने भावाची मदतनीस म्हणून तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. भावाच्या २०० पुढे हे ५० कमीच. पण सदतीस वर्षांच्या आयुष्यात कुणाला न विचारता खर्च करता येतील असे हे तिचे पहिले पैसे होते. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या बदली मोलकरणीचे पैसे तिच्या आईच्या हातात पडले होते. हे ५० पौंड तिच्या स्वतःच्या हातात पडले.

त्याच सुमारास विल्यमने चाळीस फुटी दुर्बीण उभारायला घेतली होती. आरसा चार फुटांचा. तो एकट्याने घासणं अशक्य. चोवीस माणसं लावली, प्रत्येकाच्या अंगरख्यावर नंबर लिहिला आणि हुकमाप्रमाणे त्यांना हलवलं! शेवटी घासायचं यंत्रच बनवावं लागलं. १७८९ मध्ये ती पुरी झाली, दूरदूरचे लोक बघायला येत. पण एवढा जड आरसा सारखा काळवंडायचा. विल्यमने आपलं बरंचसं मोलाचं काम त्याहून लहान, वीस फुटी दुर्बिणीवरच केलं.

मध्ये १७८८ साली विल्यमने लग्न केलं. भावजय मेरी स्वभावाने चांगली, सधन विधवा. पण सोळा वर्षं घराच्या किल्ल्या सांभाळलेल्या नणंदेला आता भाड्याच्या खोलीत राहायला जावं लागलं. रात्री कामाला येऊन परत जायचं. त्यानंतरच्या दहा वर्षांतल्या आपल्या डायऱ्या कॅरोलिनने पुढे स्वतःच नष्ट करून टाकल्या. त्यात काय होतं, ते कळायला मार्ग नाही. आपण अंदाज करू शकतो. नंतर नणंद-भावजयींचं छान जमलं, आणि भाचा जॉन तर आत्याचा जीव की प्राण.

या कठीण वर्षांत तिने काय केलं? काम केलं. १७९७ पर्यंत तिच्या नावावर आठ धूमकेतू जमा झाले. शेवटचा सापडला तेव्हा पत्राची वाट न बघता ती घोड्यावर स्वार होऊन वीसएक मैलांवरच्या ग्रीनिचला स्वतः सांगायला गेली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! तिचा १७८८ चा धूमकेतू १९३९ मध्ये पुन्हा दिसला, आणि आता २०९२ च्या सुमारास परत येईल. आपल्या पतवंडांना दिसेल तो. १७८३ मध्ये तिला सापडलेली एक दीर्घिका तर नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री आपल्याकडूनही दक्षिणेला, शिल्पकार तारकासमूहात, साध्या द्विनेत्रीतून पुसट दिसते. १७९८ मध्ये तिची तारकासूची रॉयल सोसायटीने छापली. जुन्या प्रसिद्ध सूचीतून निसटलेले ५६० तारे तिने त्यात नोंदवले होते. पाढे न येणाऱ्या बाईने!

१८२२ मध्ये विल्यम गेला. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली. बाहत्तर वर्षांच्या म्हातारीने आता देवदेव करावं, असं कुणालाही वाटलं असतं. तिने भाच्यासाठी अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांची नवी सूची बनवली. वडिलांकडून आरसे घासायची कला शिकलेल्या जॉनला त्या सूचीच्या आधाराने पुन्हा सगळं आकाश तपासता आलं. या कामासाठी १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. त्यानंतर दुसऱ्या स्त्रीला ते पदक मिळालं १९९६ मध्ये, व्हेरा रुबिन यांना. मध्ये १६८ वर्षं गेली! १८३५ मध्ये त्याच संस्थेने तिला आणि मेरी सोमरव्हिल यांना मानद सदस्यत्व दिलं. शहाण्णवाव्या वर्षी प्रशियाच्या राजाचं सुवर्णपदक आलं. ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत भावाच्या केसांची एक बट आणि वडिलांचं जुनं पंचांग ठेवलं होतं.

आरसे घासायची ही कला आपल्यापासून फार लांबची नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक नायगमवाला यांनी वेधशाळा उभारली होती. तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण थेट डब्लिनहून आली होती. वेधशाळा बंद झाल्यावर १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली. पुढे पुण्याच्याच आयुका संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. तिथे हौशी माणसांनी काचेच्या दोन तबकड्या हाताने घासून स्वतःचे आरसे केले. आता आरसा काचेचा असतो, वर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. घोड्याची लीद कुटावी लागत नाही. पण हाताला, मनगटाला आणि धीराला पर्याय अजून निघालेला नाही. आणि मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत.

विल्यम हर्शेलने केलेल्या आरशांची संख्या चारशेच्या वर जाते. नाव त्याचंच लागलं आणि त्याचे कष्ट बघता ते रास्तच होतं. पण त्या नावात लीद चाळणारे, घास भरवणारे, गोठलेल्या शाईने लिहिणारे दोन हात मिसळलेले आहेत. कॅरोलिन भाग्यवान की तिच्या हातांची दखल तिच्या हयातीत घेतली गेली. कितीजणींची घेतली जात नाही.

तेव्हा उद्या तुमच्या लेकीने दोन काचा घेऊन घासायला बसायचा हट्ट धरला, तर तिला स्वयंपाकाला हाक मारू नका. शेजारी ताट घेऊन तिच्या भावाला बसवा. घास भरवायला!